वॉरंटवर सही कोणाची?

वाचकांचे प्रश्न

परदेशी लोकांना पकडून हद्दपार करणाऱ्या अमेरिकेतल्या ‘इमिग्रेशन अँड कस्टम्स एन्फोर्समेंट’ म्हणजे आयसीई या खात्याच्या धरपकडीबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. बहुतेकांचा रोख एकच आहे: याला गुप्त पोलीस म्हणायचे का?

प्रश्न : मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ यांनी मे २०२५ मध्ये विधी महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभात आयसीईला ‘आजच्या काळातली गेस्टापो’ म्हटले. ही तुलना टिकते का? — नाशिक

गेस्टापो, म्हणजे हिटलरच्या जर्मनीतली गुप्त पोलीस, म्हटले की काळा कोट डोळ्यांसमोर येतो. तिचे खरे बळ मात्र दोन कागदांत होते. पहिला कागद २८ फेब्रुवारी १९३३ चा. आदल्या रात्री बर्लिनमधले संसद भवन जळाले आणि दुसऱ्याच दिवशी अध्यादेश काढून व्यक्तिस्वातंत्र्याची कलमे गुंडाळून ठेवली गेली. त्याच्या आधारे ‘शुट्झहाफ्ट’, म्हणजे ‘संरक्षक कोठडी’, सर्रास वापरात आली. आरोपपत्र नाही, खटला नाही, सुटकेची तारीख नाही. हुकूम पोलिसांनीच लिहायचा, पोलिसांनीच बजावायचा आणि खाली पकडलेल्या माणसाचीच सही घ्यायची. दुसरा कागद म्हणजे प्रशिया या जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या राज्याचा १० फेब्रुवारी १९३६ चा कायदा. गेस्टापोच्या कुठल्याही हुकमाविरुद्ध प्रशासकीय न्यायालयात दाद मागता येणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. न्यायालयाने निर्दोष सोडलेल्या माणसाला दारातच उचलून छळछावणीत नेणे त्यामुळे शक्य झाले.

आता आयसीईकडे पाहा. २००२ च्या कायद्याने हे खाते निर्माण झाले आणि १ मार्च २००३ पासून कामाला लागले. अटकेसाठी ते ‘आय-२००’ हा फॉर्म वापरते. हद्दपारीचा अंतिम आदेश झालेला असेल तर ‘आय-२०५’. दोन्हींच्या डोक्यावर वॉरंट असा शब्द असतो, पण सही न्यायाधीशाची नसते, खात्याच्याच अधिकाऱ्याची असते. आपल्याकडच्या तडीपारीशी याचे बरेच साम्य आहे. तिथेही गुन्हा शाबीत झालेला नसताना पोलीस उपायुक्ताच्या सहीने माणूस दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर जातो. तुलना इथपर्यंत नक्की पोचते.

पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. आयसीईने कोंडलेला माणूस, नागरिक असो वा नसो, हेबियस कॉर्पसचा, म्हणजे ‘मला कोंडले ते कायदेशीर आहे का ते तपासा’ असा, अर्ज घेऊन केंद्रीय जिल्हा न्यायालयात जाऊ शकतो, आणि तिथला न्यायाधीश तहहयात नेमलेला असतो. २०२५ मध्ये अशा अर्जांवर असंख्य लोक सुटले. १९३६ नंतरच्या जर्मनीत असा अर्ज घेणारे दारच उरले नव्हते.

म्हणून ‘गेस्टापो’ हा शब्द आजच्या घडीला आम्ही वापरणार नाही. पण तो ऐकून हसणाऱ्यांशीही आमचे जमत नाही, कारण अमेरिकेतले हे दार पुरते उघडे नाही. हद्दपारीचे खटले ऐकणारा इमिग्रेशन न्यायाधीश हा न्यायसंस्थेचा भागच नाही. तो न्याय खात्याचा नोकर आहे, आणि त्याचा निकाल त्या खात्याचा प्रमुख, म्हणजे ॲटर्नी जनरल, फिरवू शकतो. २०२५ मध्ये अशा अनेक न्यायाधीशांना घरी पाठवण्यात आले. बेकायदा अटकेतून मिळालेला पुरावा फौजदारी खटल्यात बाद होतो, पण हद्दपारीच्या खटल्यात तो सहसा बाद होत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच ठरवून टाकले. एखाद्या केंद्रीय अधिकाऱ्यावर वैयक्तिक नुकसानभरपाईचा दावा लावण्याची वाट २०२२ च्या निकालाने जवळपास बंद झाली. लॉस एंजेलिसमध्ये केवळ वर्ण, भाषा, कामाची जागा एवढ्यावरून लोकांना अडवू नये, असा आदेश खालच्या न्यायालयाने दिला होता. ८ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि बहुमताने त्याची कारणेही लिहिली नाहीत.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. गेस्टापो संख्येने लहान होती. १९३७ मध्ये ड्युसेलडॉर्फ विभागात सुमारे ४० लाख लोकांवर तिचे तीनशेहून कमी कर्मचारी होते. तिचे काम शेजाऱ्यांच्या चुगल्यांवर चाले. पूर्व जर्मनीच्या ‘श्टाझी’ने उलटा मार्ग घेतला. १९८९ मध्ये तिचे सुमारे ९१,००० पगारी नोकर होते, खबरे त्याहून कितीतरी जास्त होते आणि दप्तर १११ किलोमीटर लांबीचे होते. आयसीईला चुगलखोरांची आणि फायलींची तेवढी गरज नाही. गाड्यांच्या नंबरप्लेटी वाचणारे कॅमेरे आणि चेहरा ओळखणारे मोबाइल ॲप तिच्या हाताशी आहेत, आणि एप्रिल २०२५ मध्ये तिने करखात्याशी माहिती-देवाणघेवाणीचा करारही केला. जुन्या कोणत्याही गुप्त पोलिसांकडे एवढे नव्हते. तुलना करायचीच तर या ठिकाणी करावी.

प्रश्न : तोंड बांधलेली, बिननावाची, बिनपाटीच्या गाड्यांतून येणारी माणसे. आमच्याकडे अजून ‘रझाकारी’ हा शब्द आहे. आयसीई म्हणजे तसेच दल नव्हे का? — लातूर

हा प्रश्न लातूरहून यावा हे साहजिक आहे. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरलाच वकिली करत होता. रझाकार ही ‘इत्तेहादुल मुसलमीन’ची खासगी सेना होती. सरकारी चाकरी नाही, सरकारी शिस्त नाही, आणि निजामाचे पोलीस गाव जळताना पाठ फिरवून उभे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शनपर्यंत मराठवाड्याने ते भोगले.

अशा दलाची पारख आम्ही तीन प्रश्नांनी करतो. पगार कोण देतो, शपथ कोणाची, आणि अत्याचार झाला तर खटला कोण भरतो? ‘एसए’ या हिटलरच्या पक्षाच्या गणवेशधारी दलाची तिन्ही उत्तरे पक्षाकडे जात होती. २२ फेब्रुवारी १९३३ ला हिटलरचा मंत्री गोरिंग याने एसए, एसएस आणि ‘श्टालहेल्म’ या संघटनांतल्या सुमारे ५०,००० जणांना दंडाला पांढरी फीत बांधून प्रशियाचे सहायक पोलीस केले, तेव्हा पक्षाचा गुंड आणि शिपाई यांतली रेषा पुसली गेली. आयसीईचा माणूस सरकारी नोकर आहे आणि त्याची शपथ राज्यघटनेची आहे. पहिल्या दोन प्रश्नांवर ते निमलष्करी दल ठरत नाही. तिसऱ्यावर आमचे मन स्वस्थ नाही. कारण वर सांगितलेच.

भरतीकडेही लक्ष ठेवा. ४ जुलै २०२५ च्या कायद्याने फक्त कोठड्यांसाठी ४५ अब्ज डॉलर दिले. नव्या भरतीला ५०,००० डॉलरपर्यंत बक्षीस जाहीर झाले, ऑगस्टमध्ये वयाची अट काढली, आणि प्रशिक्षणातला स्पॅनिश भाषेचा भाग गळला. शिवाय ‘२८७-जी’ नावाचे करार आहेत, १९९६ मध्ये इमिग्रेशन कायद्यात घातलेल्या कलमावरून पडलेले नाव. त्यांखाली स्थानिक शेरीफ आणि पोलीस यांना इमिग्रेशनचे अधिकार दिले जातात. यातला रस्त्यावर धरपकड करू देणारा प्रकार २०१२ मध्ये बंद केला होता. वंशावरून लोकांना अडवल्याच्या तक्रारी त्याला कारण होत्या. जानेवारी २०२५ मध्ये तो पुन्हा सुरू झाला आणि वर्षअखेरीस सर्व प्रकारचे मिळून असे करार हजाराच्या वर गेले. घाईघाईने वाढवलेले दल बिघडते ते या सांध्यात. माणसे येतात, पण त्यांच्यावर देखरेख करणारे अनुभवी वरिष्ठ त्या प्रमाणात वाढत नाहीत. उलट मार्च २०२५ मध्ये आयसीई ज्याच्या हाताखाली येते त्या ‘होमलँड सिक्युरिटी’ खात्यातले नागरी हक्कांच्या तक्रारी घेणारे कार्यालय जवळपास रिकामे केले गेले.

बुरख्याबद्दल नियम असा आहे. अटक करताना, शक्य आणि सुरक्षित होताच, अधिकाऱ्याने आपण इमिग्रेशन अधिकारी आहोत हे सांगायचे आणि अटकेचे कारण सांगायचे. स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती त्यात नाही. चेहराही नाही आणि नावही नाही, मग तक्रार लिहायची कोणाविरुद्ध? दुसरा धोका तोतयांचा. आयसीईचे सोंग घेऊन लुटणारे आणि पळवणारे पकडले गेले आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाने चेहरा झाकण्यावर बंदी घालणारा कायदा केला, आणि त्याचे नावच ‘नो सीक्रेट पोलीस ॲक्ट’ ठेवले. केंद्र सरकारने त्याला न्यायालयात आव्हान दिले.

बिनपाटीच्या गाडीवरून अर्जेंटिना आठवतो. १९७६ ते १९८३ च्या लष्करी राजवटीत हिरव्या फोर्ड फाल्कन गाड्या रस्त्यावर थांबत आणि माणूस नाहीसा होई. आईवडील हेबियस कॉर्पसचा अर्ज घेऊन जात आणि उत्तर येई, ‘असा माणूस आमच्याकडे नाही.’ १९८४ च्या चौकशी आयोगाने अशा ८,९६१ बेपत्ता व्यक्तींची नोंद केली. गाडी आणि बुरखा भयानक असतातच, पण सगळ्यात भयानक ते उत्तर. आयसीईला आपल्या कैद्यांची नोंद ठेवावी लागते आणि ती इंटरनेटवर शोधता येते. ही नोंद उशिरा चढू लागली, चुकीची निघू लागली, की घाबरायला हवे. २०२५ मध्ये कित्येक कुटुंबांना दिवसचे दिवस ठावठिकाणा लागला नाही, हे आम्ही फार गंभीर मानतो.

प्रश्न : माझे आजोबा गोवा मुक्तीच्या काळातल्या ‘पीडे’बद्दल सांगायचे. ती गुप्त पोलीस होती की पासपोर्ट तपासणारी? — फोंडा

दोन्ही. तुमच्या प्रश्नात या साऱ्या चर्चेची नेमकी नस सापडते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने १९३३ मध्ये दोन पोलीस खाती एकत्र केली. एक राजकीय विरोधकांवर नजर ठेवणारे, दुसरे ‘आंतरराष्ट्रीय पोलीस’, म्हणजे सीमा, परदेशी माणसे आणि पासपोर्ट पाहणारे. १९४५ मध्ये त्याच खात्याचे नाव पीडे झाले. पूर्ण नावाचा अर्थ ‘आंतरराष्ट्रीय आणि राज्यसंरक्षण पोलीस’. म्हणजे इमिग्रेशनचे काम तिच्या नावातच होते. पोर्तुगालमधून चोरवाटेने फ्रान्सला मजुरीसाठी जाणाऱ्या खेडुतांना सीमेवर पकडणारेही तेच, आणि लिस्बनमध्ये कम्युनिस्टाला रात्र-रात्र झोपू न देणारेही तेच. न्यायाधीशासमोर न नेता सहा महिन्यांपर्यंत डांबण्याची सोय तिला होती.

ही सांगड योगायोगाने पडली नाही. परदेशी माणसाला अडवणे, कागद मागणे, खटल्याशिवाय ठेवणे आणि सीमेपार सोडणे यांची मुभा जवळजवळ प्रत्येक राज्य इमिग्रेशन खात्याला देते. हीच मुभा राजकीय विरोधकावर वापरता आली, तर वेगळा जुलमी कायदा करावाच लागत नाही.

गोव्यात हद्दपारी हे राजकीय शस्त्रच होते. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ मध्ये शिक्षा देऊन पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेले. सांगलीचे मोहन रानडे १९५५ मध्ये पकडले गेले आणि गोवा १९६१ मध्ये मुक्त झाल्यावरही पोर्तुगालमधल्या कॅशियसच्या तुरुंगात राहिले. ते सुटले १९६९ च्या जानेवारीत. गोव्यातल्या पोलिसांत छळासाठी कुप्रसिद्ध झालेला काझिमिरो मोंतेरो पुढे पीडेत गेला, आणि १९६५ मध्ये विरोधी नेते जनरल डेल्गादो यांच्या हत्येत त्याचा हात होता.

याच चालीचे आणखी एक उदाहरण आपल्या लोकांच्या वाट्याला आलेले आहे. व्हँकुव्हरचा इमिग्रेशन अधिकारी विल्यम हॉपकिन्सन हा पूर्वी कलकत्त्याच्या पोलिसांत होता. दिवसा हिंदी मजुरांचे कागद तपासायचे आणि त्याच बैठकीत गदर चळवळीची माहिती ब्रिटिशांसाठी गोळा करायची, असे त्याचे दुहेरी काम होते. १९१४ च्या मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत लाला हरदयाळ यांना पकडले ते राजद्रोहाच्या कायद्याखाली नव्हे. त्यांना पकडणारे अमेरिकेचे इमिग्रेशन अधिकारी होते आणि डाव होता हद्दपारीचा. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आणि तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे हे त्याच वर्तुळातले.

प्रश्न : जर्मनी, पोर्तुगाल कशाला? अमेरिकेच्या स्वतःच्या इतिहासात असे काही नाही का? — नागपूर

आहे, आणि आमच्या मते तीच तुलना जास्त नेमकी बसते.

१८९२ च्या गीअरी कायद्याने अमेरिकेतल्या प्रत्येक चिनी मजुराला रहिवासाचा दाखला जवळ बाळगायला लावला. दाखला नसेल तर आपण आधीपासून इथेच राहतो हे सिद्ध करायला किमान एक ‘गोरा साक्षीदार’ लागे. १८९३ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालय म्हणाले, हद्दपारी ही शिक्षा नव्हे. त्या एका वाक्याची किंमत लोक आजही मोजतात. शिक्षा नाही म्हणून ज्युरी नाही, आणि परवडत नसेल तर सरकारी वकीलही नाही. वकील स्वतःच्या पैशाने करावा लागतो.

मग १९१९-२० च्या पामर धाडी. ॲटर्नी जनरल पामर आणि त्यांच्या हाताखालचे तरुण जे. एडगर हूवर यांना डाव्या विचारांच्या लोकांना हाकलायचे होते. फौजदारी खटल्यात पुरावा लागतो, म्हणून त्यांनी इमिग्रेशन कायदा उचलला. ‘नियम २२’ नुसार पकडलेल्याला सुनावणीच्या सुरुवातीलाच वकिलाचा हक्क सांगावा लागे. धाडीच्या दोनच दिवस आधी तो बदलला आणि सरकारचे हित साधण्यापुरती सुनावणी पुढे सरकल्यावरच हक्क सांगायचा, असे केले. २ जानेवारी १९२० ला तीसहून जास्त शहरांत धाडी पडल्या आणि हजारो माणसे कोंडली गेली.

हे थांबले कसे, ते सांगायला हवे. तेव्हा हद्दपारीच्या हुकमावर सही लागायची कामगार खात्याची. ते पद तात्पुरते लुई पोस्ट या सत्तरीच्या गृहस्थांकडे आले. त्यांनी एकेक फाइल वाचायला घेतली. पुरावा नाही, वकील दिलेला नाही, नाव यादीत कोणी घातले ते माहीत नाही, असे दिसले की हुकूम रद्द. हजाराहून जास्त हुकूम त्यांनी असे रद्द केले. संसदेत त्यांच्यावर महाभियोगाचा प्रयत्न झाला, तो फसला. बारा नामांकित वकिलांनी मे १९२० मध्ये धाडींतल्या बेकायदा गोष्टींचा अहवाल छापला. शेवटी हद्दपार झाले ५५६. पकडणारे खाते वेगळे आणि सही करणारे वेगळे होते, म्हणून हे शक्य झाले. आज अटकेच्या आणि हद्दपारीच्या वॉरंटवर सही करणारे आणि पकडणारे एकाच खात्यात आहेत.

प्रश्न : दिवसाला इतक्या अटका झाल्याच पाहिजेत, असे लक्ष्य ठरवले तर बिघडते कुठे? — सोलापूर

व्हाइट हाउसचे स्टीफन मिलर यांनी मे २०२५ मध्ये दिवसाला किमान ३,००० अटकांचे लक्ष्य जाहीरपणे सांगितले, त्यावरून हा प्रश्न आला आहे. आकडा ठरला की सर्वांत सोपा माणूस पकडला जातो. गुंड शोधायला आठवडे लागतात. ठरल्या तारखेला आयसीईच्या कार्यालयात हजेरी लावणारा, न्यायालयाच्या व्हरांड्यात आपल्या सुनावणीची वाट पाहणारा, हार्डवेअरच्या दुकानाबाहेर मजुरीसाठी उभा असलेला माणूस दहा मिनिटांत सापडतो. २०२५ मध्ये अटकेची अनेक ठिकाणे अशीच होती.

स्टालिनच्या काळात ३० जुलै १९३७ च्या ‘००४४७’ क्रमांकाच्या हुकमाने प्रत्येक प्रांताला किती जणांना गोळ्या घालायच्या आणि किती जणांना छावणीत धाडायचे याचे आकडे वाटून दिले. प्रांतांचे अधिकारी मॉस्कोकडे वाढीव आकडा मागू लागले. त्या दोन वर्षांत सरकारी नोंदीप्रमाणेच ६ लाख ८१ हजार ६९२ माणसे मारली गेली. त्या कत्तलीशी अमेरिकेची बरोबरी करणे मेलेल्यांवर अन्याय होईल. पण आकड्याने अधिकारी कसा बदलतो, हे त्यातून कळते.

प्रश्न : फेब्रुवारी २०२५ मध्ये अमृतसरला उतरलेल्या विमानात आपली माणसे बेड्यांत होती. हे नवीन आहे का? — कोल्हापूर

बेड्या नव्या नाहीत, लष्करी विमान नवे होते. ५ फेब्रुवारीला सी-१७ मधून १०४ भारतीय उतरले, त्यांत महाराष्ट्राचे तिघे. परराष्ट्रमंत्र्यांनी दुसऱ्या दिवशी राज्यसभेत सांगितले की विमानात जखडून ठेवण्याची आयसीईची कार्यपद्धती २०१२ पासूनची आहे. ज्याच्यावर गुन्हा शाबीत नाही अशा माणसाला इतके तास हातापायांत साखळी घालून बसवणे आम्हाला अमानुष वाटते, पद्धत कितीही जुनी असो.

प्रश्न : बेकायदा शिरलेल्याला प्रत्येक देश बाहेर काढतोच. एवढा आरडाओरडा का? — ठाणे

बाहेर काढण्याचा अधिकार आम्हालाही मान्य आहे. पण ‘हा तोच माणूस आहे आणि याला काढता येते’ हे कोणी, कधी तपासले? मार्च २०२५ मध्ये मेरीलँडच्या एका रहिवाशाला एल साल्वादोरच्या महातुरुंगात पाठवले. त्याला त्या देशात पाठवू नये, असा इमिग्रेशन न्यायाधीशाचाच २०१९ चा आदेश होता. चूक झाल्याचे सरकारी वकिलाने न्यायालयात कबूल केले. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला परत आणण्याची व्यवस्था करायला सांगितले, आणि तो परत आला जूनमध्ये. विमान उडण्याआधी एका न्यायाधीशाने फाइल उघडली असती, तर पाच मिनिटांत हे टळले असते.

प्रश्न : मुलगी आणि जावई न्यू जर्सीत एच-१बी वर आहेत. त्यांनी जवळ काय ठेवावे, दारावर कोणी आले तर काय करावे? — पुणे

आधी कागद. अठरा वर्षांवरील प्रत्येक परदेशी व्यक्तीने नोंदणीचा पुरावा सतत जवळ ठेवावा, असा कायदा आहे. एच-१बी वाल्यांसाठी तो म्हणजे ‘आय-९४’, देशात आल्याची आणि राहण्याच्या मुदतीची नोंद. शेवटच्या प्रवेशाचा आय-९४ संकेतस्थळावरून छापून पाकिटात ठेवा; मुदत अमेरिकेतच वाढवून घेतली असेल तर नवा आय-९४ मंजुरीपत्राच्या खाली जोडलेला असतो, तो ठेवा. मंजुरीच्या ‘आय-७९७’ ची आणि पासपोर्टची प्रत सोबत. ग्रीनकार्ड असेल तर मूळ कार्डच लागते, प्रत चालत नाही. घर बदलले की दहा दिवसांत ‘एआर-११’ भरायचा. नेहमीची चूक हीच असते. नोकरीच्या धावपळीत पत्ता बदलल्याची नोंद करायची राहून जाते.

दार वाजले तर उघडू नये. आतूनच विचारावे, “वॉरंट आहे का? दाराखालून सरकवा किंवा खिडकीला लावा.” कागदाचा माथा वाचा. ‘डिपार्टमेंट ऑफ होमलँड सिक्युरिटी’ आणि आय-२०० किंवा आय-२०५ असे असेल, तर तो खात्याचा कागद. ‘युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट’ असेल, खाली न्यायाधीशाची सही असेल, पत्ता तुमचाच असेल आणि मुदत संपलेली नसेल, तर तो न्यायालयाचा. त्याला आत येऊ द्यावेच लागते. खात्याच्या कागदावर घरात शिरायला संमती लागते, ही प्रस्थापित समजूत. पण मे २०२५ च्या एका अंतर्गत टिपणात आय-२०५ असेल तर बळाने शिरता येते असे लिहिल्याचे जानेवारी २०२६ मध्ये उघड झाले. म्हणून ते जबरदस्तीने आत आलेच, तर अंगाने अडवू नका. “माझी संमती नाही” एवढे मोठ्याने म्हणा, कोणी तरी चित्रण करा, वेळ लिहून ठेवा. दार उघडून बाजूला सरकलात की ‘संमती दिली’ असे अहवालात लिहिले जाते, आणि मग ते खोडून काढणे महाकठीण.

गप्प बसता येते. खोटे बोलता येत नाही, तो वेगळा गुन्हा आहे. आपण अमेरिकी नागरिक आहोत असे तर चुकूनही म्हणू नये, त्याने पुढचे सगळे दरवाजे कायमचे बंद होऊ शकतात.

पकडले गेल्यास पहिला दिवस फार मोलाचा. ‘ए’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक जावई-मुलीला मिळालेला असेल, तर तो घरच्यांकडे लिहून ठेवा. आयसीईच्या शोधयंत्रात तो आणि जन्मदेश टाकला की ठिकाण दिसते. क्रमांक नसेल तर पूर्ण नाव आणि जन्मदेश, पण मग स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच हवे. आपल्याकडे वडिलांचे नाव मध्ये येते आणि शोध तिथेच अडतो. दोन-तीन तऱ्हांनी टाकून पाहा. वकिलाला ‘जी-२८’ फॉर्मवर सही दिल्याशिवाय खाते त्याच्याशी बोलत नाही, म्हणून विश्वासातला वकील आधीच ठरवून ठेवावा. स्वेच्छेने परत जाण्याच्या किंवा सुनावणीचा हक्क सोडण्याच्या कागदावर वकिलाने पाहिल्याशिवाय सही करू नये.

कैद्यांना न्यू जर्सीतून टेक्सास किंवा लुइझियानाला फार लवकर हलवले जाते. हेबियस कॉर्पसचा अर्ज सहसा माणूस ज्या जिल्ह्यात कोंडलेला असेल तिथेच करावा लागतो. हलवण्याआधी अर्ज दाखल झाला, तर ते न्यायालय नंतरही प्रकरण चालवू शकते. हे तत्त्व १९४४ च्या एका जपानी-अमेरिकी तरुणीच्या खटल्यातून आले आहे. म्हणून वकिलाला फोन सकाळी नव्हे, त्याच रात्री करायचा.

वकिलातीचेही ध्यानात ठेवा. काही देशांच्या वकिलातींना अमेरिकेने आपणहून कळवावे लागते. भारत त्या यादीत नाही. पकडलेल्या व्यक्तीने “मला भारतीय वकिलातीला कळवायचे आहे” असे स्वतः म्हणावे लागते, आणि ते लेखी नोंदवून घ्यायला सांगावे लागते. मुलीला आणि जावयाला हे वाक्य इंग्रजीतून आजच पाठ करायला सांगा.